तारण कृपेनं, मग सत्कृत्यं कशासाठी? दृढीकरण वर्गाची आखणी

वणीकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. तूर-चणा घरात आला की खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत दृढीकरणाचे (बाप्तिस्मा झालेल्यानं आपला विश्वास स्वतः कबूल करून पक्का करण्याच्या विधीचे) वर्ग लागतात. आमच्याकडचा आराखडा असा: ईस्टरआधीच्या उपवासकाळातले सहा आठवडे, आठवड्याला एक संध्याकाळ, साडेसात ते नऊ. बसणारे दहा-बारा. निम्मी सोळा-सतरा वर्षांची पोरं-पोरी, दोन-तीन नव्या सुना (त्यात एक कॅथलिक घरातली) आणि मागं भिंतीला टेकलेली म्हातारी माणसं. त्यांचं दृढीकरण कधीच झालंय, पण अवघड प्रश्न तीच विचारतात.
विषय एकच धरायचा आहे: कृपा (देवानं न कमावता दिलेली), विश्वास आणि कर्मं, आणि तारण म्हणजे पापातून सुटका यांतल्या कशानं होते. प्रश्न ठरलेले असतात. "कृपेनं तारण होते तर दारू सोडाचं काय काम?" "पाटलानं दुष्काळात विहीर साऱ्या गावाले खुली केली, तो ख्रिस्ती नाही, त्याचं काय?" "पौल एक सांगते, याकोब दुसरं, खरं कोनाचं?" (दोघंही नव्या करारात पत्रं लिहिणारे.)
सहा संध्याकाळी कशा वाटाव्यात, कोणता उतारा आधी घ्यावा, गाडी कुठं अडते, हे सांगा. उपदेश नको, आखणी हवी.

तर्कटदास
फुकट भेटून राह्यलं तर घेऊन टाका ना बाप्पा. आपल्या इकडं फुकटच्या वस्तूले एवढे प्रश्न कोनी इचारत नाही.

जुना_करार
वणीकर, पहिली चूक फळ्यावरच होते. इफिसकरांस पत्र २:८-९ मोठ्या अक्षरात लिहितात आणि तिथंच थांबतात. कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, कुणी बढाई मारू नये म्हणून. पोरं ऐकतात आणि दारूचा प्रश्न लगेच येतो. त्याचं उत्तर दहाव्या वचनात आहे: देवानं आधीच योजून ठेवलेल्या सत्कृत्यांसाठी आपण घडवले गेलो. आठ आणि नऊ तारणाचं कारण सांगतात, दहा त्याचा उद्देश. तिन्ही वचनं एकाच माणसाकडून, न थांबता वाचून घ्या.
दुसरी चूक म्हणजे रोमकरांस ३:२८ (माणूस कर्मांवाचून विश्वासानं नीतिमान ठरतो) आणि याकोब २:२४ (केवळ विश्वासानं नाही, कर्मांनी ठरतो) यांची कुस्ती लावणं. लावली की वर्गात दोन पार्ट्या पडतात आणि मग वचनं कुणी वाचत नाही, फक्त फेकतात. त्याऐवजी अब्राहाम घ्या. पौल आणि याकोब दोघंही उत्पत्ती १५:६ हेच वचन पुढं करतात, फक्त अब्राहामाच्या आयुष्यात वेगळ्या ठिकाणी उभे राहून.
सहा चिठ्ठ्या करा आणि भिंतीवर क्रमानं चिकटवा:
अध्याय १२: हाक आली, निघाला, वय ७५.
अध्याय १५: वचन मिळालं, विश्वास ठेवला, ते नीतिमत्त्व म्हणून मोजलं गेलं.
अध्याय १६: इश्माएल, वय ८६.
अध्याय १७: सुंता, वय ९९.
अध्याय २१: इसहाक, वय १००.
अध्याय २२: मोरियाचा डोंगर, इसहाकाला अर्पण करायला नेलं.
आता रोमकरांस ४:१० वाचा. पौल विचारतो, नीतिमान मोजला गेला तेव्हा सुंता झाली होती का? पोरांनाच भिंतीकडं पाहू द्या. पंधराची चिठ्ठी सतराच्या आधी आहे आणि मध्ये किमान तेरा वर्षं आहेत. पौलाचा मुद्दा त्यांनाच सापडतो. मग याकोब २:२१-२३. याकोब बाविसाव्या चिठ्ठीजवळ उभा राहून म्हणतो की पंधरावरचं वचन इथं पूर्ण झालं. एक जण आत येण्याबद्दल बोलतो, दुसरा आत आलेल्याचा श्वास चालू आहे का ते बघतो. याला चाळीस मिनिटं पुरतात.

पळसफूल
जुना करार भाऊ, चिठ्ठ्यांची युक्ती छानच. एक भर घालते. दोघं कोणाशी बोलतायत तेही पाट्यांसारखं दोन बाजूंना लिहा. पौलासमोर सुंता आणि नियमशास्त्र पाळल्याशिवाय परराष्ट्रीयांना (यहूदी नसलेल्यांना) आत घेऊ नका म्हणणारे आहेत. याकोबासमोर उघड्या-उपाशी भावाला "सुखानं जा, ऊब घ्या, पोट भरा" म्हणून वाटेला लावणारे आहेत (२:१५-१६). रोग दोन आहेत, म्हणून औषधं दोन.
आणि त्या कॅथलिक सुनेसमोर कृपा करून "कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात" हे वाक्य नको. ट्रेंट म्हणजे प्रोटेस्टंट सुधारकांना उत्तर द्यायला भरलेली कॅथलिक परिषद. तिचं सहावं सत्र, १३ जानेवारी १५४७, सोळा प्रकरणं आणि तेहतीस नियम. त्यातला पहिलाच नियम सांगतो की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेशिवाय, केवळ आपल्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं म्हणणारा बहिष्कृत. आठव्या प्रकरणात तर नीतिमान ठरण्याआधीचं काहीही, विश्वास असो की कर्म, ती कृपा कमावत नाही असं स्पष्ट आहे.

मलकापूर_फाटा
ताई, मग नववा नियमही सांगा. "केवळ विश्वासानं" म्हणणाऱ्यालाही तिथंच बहिष्कृत केलंय.

पळसफूल
सांगते की. पण अर्धा नियम नका वाचू. कृपा मिळवायला दुसरं काहीच लागत नाही आणि स्वतःच्या इच्छेनं तयार होण्याचीही गरज नाही, अशा अर्थानं "केवळ विश्वास" म्हटला तर, असा तो नियम आहे. खरा फरक चोविसाव्यात दिसतो. ट्रेंट म्हणतं, सत्कृत्यं ही नीतिमत्त्वाची फक्त फळं आणि खुणा नाहीत, त्यांनी ते वाढतंही. लुथरन (लुथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळींना हे "वाढतं" खुपतं. तुम्हाला भांडायचंच असेल तर इथं भांडू या, ही जागा खरी आहे.

तुरीच्या_शेंगा
एवढं ट्रेंट-बिंट कोणाच्या डोक्यात बसणार? विदर्भात एक शब्द बोला: कर्जमाफी. २०१९ ची योजना घ्या. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ मध्ये उचललेलं पीककर्ज, ३० सप्टेंबर २०१९ ला थकलेलं, दोन लाखांपर्यंत माफ. शेतकऱ्यानं काय केलं? यादीत नाव आलं, सेवा केंद्रात जाऊन आधारवर अंगठा लावला. अंगठ्यानं कर्ज फिटलं का? नाही, फेडलं दुसऱ्यानंच. पण अंगठा न लावता खातं निल झालं का? तेही नाही. तो अंगठा म्हणजे विश्वास.

तर्कटदास
आन् यादीत नाव आधीच ठरेल असते, म्हंजे हे कॅल्विनवाल्यायचं गाव झालं!

मेळघाटी
तर्कटदास, वर्गात हसू येईल, पण पूर्वनियोजन (कोण तारला जाईल हे देवानं आधीच ठरवलंय, ही कॅल्विनची शिकवण) सहा संध्याकाळींच्या बाहेर ठेवा. तिथं शिरलं की परत यायला वाट नाही.
तुरीच्या शेंगा, अंगठा आवडला. पण हे उदाहरण कुठं तुटतं ते आधीच ठरवून ठेवा, कारण म्हातारी माणसं ते तोडणारच. पहिलं, दोन लाखांची मर्यादा. रोमकरांस ५:२० मध्ये पाप वाढलं तिथं कृपा त्याहून विपुल झाली, मर्यादेचा विषयच नाही. दुसरं, सरकार लोकांच्या पैशानं फेडतं, इथं माफ करणाराच स्वतः किंमत देतो. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: माफीनंतर पुढच्या हंगामात तोच शेतकरी, तेच शेत, तेच कर्ज. खातं निल झालं, माणूस तोच राहिला.

पळसफूल
मेळघाटी दादा, तिसऱ्यातच कॅथलिक उत्तर आहे. ट्रेंटचं सातवं प्रकरण सांगतं की नीतिमान ठरणं म्हणजे फक्त पापांची क्षमा नाही, आतल्या माणसाचं पवित्रीकरण आणि नवीकरणही त्यातच आलं. तुमच्या उदाहरणात बोलायचं तर निल दाखल्यासोबत जमीनही सुधारून मिळते.

जुना_करार
आणि सुधारणावादी, म्हणजे सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन याच्या परंपरेतलं, उत्तर असं: दाखला वेगळा, जमिनीची सुधारणा वेगळी. दाखला ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर मिळतो, आपल्या सुधारलेल्या जमिनीवर नाही. सुधारणा मात्र त्याच दिवशी सुरू होते आणि आयुष्यभर चालते. कॅल्विननं ट्रेंटला उत्तर लिहिलं तेव्हा हेच म्हटलं की नीतिमान केवळ विश्वासानं ठरतो, पण तो विश्वास कधी एकटा नसतो. वर्गात हा फरक दोन मिनिटांत सांगून पुढं जा. पोरांना दोन्हीकडून एवढं कळलं पाहिजे की सुधारणा नको असलेला माणूस माफीही घेत नाहीये.

रोजंदार
कर्जमाफीचा एक भाग राहिलाच. नियमित भरणाऱ्यांचं काय? त्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं तेही आरडाओरड झाल्यावर. "आम्ही वेळेवर भरलं ते काय मूर्ख म्हणून?" हा प्रश्न प्रत्येक पारावर झाला.

मेळघाटी
रोजंदार भाऊ, तुम्ही लूक १५ चा थोरला भाऊ आणून बसवला. "इतकी वर्षं राबलो, मला कधी करडूही दिलं नाहीस." (१५:२९) बहुतेक शिक्षक उधळ्या पुत्राची गोष्ट चोविसाव्या वचनावर, मेजवानीवर संपवतात. २५ ते ३२ वाचाच. मंडळीत पिढीजात ख्रिस्ती जास्त असतील तर वर्गातले निम्मे लोक थोरल्या भावाच्याच जागी असतात. तो बाहेर उभा आहे आणि बाप त्यालाही समजवायला बाहेर आलाय. येशूनं तो आत गेला की नाही ते सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.
याच संध्याकाळी मत्तय २०:१-१६, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टान्त, घ्या. एक सूचना: हा दृष्टान्त कापूस वेचणीवर सांगू नका. वेचणी किलोवर असते, जो जास्त वेचेल त्याला जास्त, त्यामुळं दृष्टान्ताचा दमच जातो. निंदण रोजावर असतं, ते घ्या. मूळ दृष्टान्तात मालक पाच वेळा नाक्यावर जातो: पहाटे, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या ताशी, म्हणजे सकाळी सहा, नऊ, दुपारी बारा, तीन आणि संध्याकाळी पाच. सहाला काम सुटतं. पाचवाल्यानं एक तास केला आणि मजुरी सगळ्यांना एक दीनार, म्हणजे पूर्ण रोज. शेवटच्यांना आधी दिली म्हणूनच पहिल्यांना दिसलं, नाहीतर भांडण झालंच नसतं. ही खोच पोरांना लगेच कळते. वर्गातल्या बाया विचारतील, "दुसऱ्या दिवशी सकाळी सहाले कोन येईन मंग?" विचारू द्या. दृष्टान्त मजुरी कायद्याचा नाही, मालकाच्या मनाचा आहे, आणि ते उत्तर पंधराव्या वचनात मालकच देतो.

पिंपळपान
धागा वाचतोय. बौद्ध घरातला आहे, वाद घालायचा नाही. धम्मपदाची १६५ वी गाथा सांगते की पाप माणूस स्वतः करतो, शुद्धही स्वतःच होतो, एकानं दुसऱ्याला शुद्ध करता येत नाही. विदर्भातल्या खेड्यात १९५६ नंतर अनेक घरं आपल्या बळावर उभी राहिली ती याच विचारावर. कृपा आली की माणूस हातपाय हलवणं सोडत नाही का?

जुना_करार
पिंपळपान भाऊ, हा आक्षेप चर्चच्या आतूनही आला होता, पाचव्या शतकात. पेलागियस नावाचा ब्रिटनचा साधू रोममध्ये होता. "तू जे सांगतोस ते करण्याची शक्तीही तूच दे" ही बिशप ऑगस्टीनची प्रार्थना ऐकून तो अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं, देवानं आज्ञा दिली म्हणजे पाळण्याची ताकद माणसात आहेच, नाहीतर आज्ञेला अर्थ काय? ऑगस्टीनचं उत्तर, ताकद कमी आहे एवढंच नाही, इच्छाच आजारी आहे. इच्छाच आजारी असेल तर "इच्छा कर" सांगून भागत नाही. ४१८ च्या कार्थेज परिषदेनं पेलागियसची बाजू नाकारली, आणि ५२९ मध्ये ओरांज परिषदेनं विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनंच होते असं ठरवलं.
तुमच्या प्रश्नाचं ख्रिस्ती उत्तर फिलिप्पैकरांस २:१२-१३ मध्ये आहे. आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे देवच तुमच्यात साधतो. हातपाय हलवायचेच आहेत, फक्त बळ कुठून आलं त्याचं श्रेय बदलतं. पण फरक उरतोच आणि वर्गात तो तसाच सांगावा. "सगळं एकच" म्हणून गुळगुळीत केलं की तुमचाही अपमान आणि आमचाही.

पिंपळपान
हे पटलं. म्हणजे उत्तर नाही पटलं, गुळगुळीत न करणं पटलं.

माळकरी
अवांतर: आमच्या तुकोबांकडेही भार देवावर टाकणं आहेच. ना. वा. टिळक स्वतः सांगत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. तुम्ही ऑगस्टीन इतक्या लांबून का आणता?

तर्कटदास
माळकरीबुवा, पूल तुमचा, आन् टोलनाका ट्रेंटवाल्यायचा.

मलकापूर_फाटा
विहीरवाल्या पाटलाकडे परत येऊ. गावातलं नाव घेऊन वर्गात निकाल देऊ नका, दुसऱ्या दिवशी चौकात पोचतो. प्रेषितांची कृत्ये १० मधला कर्नेल्य घ्या. शंभर सैनिकांचा अधिकारी, परराष्ट्रीय, प्रार्थना करणारा, दानधर्म करणारा. दूत म्हणतो की तुझ्या प्रार्थना आणि दानधर्म देवाजवळ पोचले (१०:४). पण तेवढ्यावर थांबत नाही, यापोहून पेत्राला बोलाव म्हणतो. म्हणजे दानधर्म वाया गेला नाही, आणि पुरलाही नाही. प्रेषितांची कृत्ये ४:१२ धरून मी ठाम सांगेन की तारण ख्रिस्तातच.

पळसफूल
तारण ख्रिस्तातच, यात मतभेद नाही. पण ज्याला सुवार्ता समजलीच नाही आणि त्यात त्याचा दोष नाही, जो मनापासून देवाला शोधतो आणि कृपेच्या प्रेरणेनं सदसद्विवेकानुसार वागतो, त्यालाही तारण मिळू शकतं असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या चर्चविषयक घोषणापत्रात, सोळाव्या परिच्छेदात आहे. तिथंही तारतो ख्रिस्तच, पाटलाची विहीर नाही. अँग्लिकन एकोणचाळीस कलमांतलं तेरावं कलम इतकं मोकळं नाही. कृपेआधीच्या कर्मांत पापाचाच अंश असतो असं ते म्हणतं.

नागपुरी_संत्रं
तुमच्या वर्गातच दोन्ही बाजू असणार हे वणीकरांनी लक्षात घ्यावं. उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सी.एन.आय., २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच स्थापन झालं, सहा मंडळ्या एकत्र येऊन. त्यात अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन होते. बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मान्य करून ते एकत्र आले. त्यामुळं "आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा हे कर्म की कृपा?" असं कुणी विचारलं तर एका ओळीत उत्तर देऊ नका. तीताला पत्र ३:५ वाचा: आपण केलेल्या नीतीच्या कर्मांमुळं नाही, त्याच्या दयेमुळं, नव्या जन्माच्या स्नानाद्वारे. स्नान कुणी स्वतःचं स्वतः कमावत नाही, ते दुसरा घालतो. बाळाला घालतात तेव्हा तर उघडच.

मलकापूर_फाटा
संत्रं, बाळाचा विश्वास कुठं आहे मग?

संपादक
बालबाप्तिस्म्यासाठी वेगळा धागा काढा. जुने तीन कुलूप लावून ठेवलेत, त्यांची आठवण करून देतो.

रात्रपाळी
एक प्रश्न कुणी घेतलेला नाही आणि भिंतीला टेकलेली माणसं तोच विचारतील. कर्जापायी ज्यानं स्वतःचा जीव दिला, त्याचं तारण झालं का? यवतमाळ-अमरावतीकडं हा प्रश्न पुस्तकातला नाही. वर्गात बहुतेक वेळा त्या घरातलं कुणीतरी बसलेलं असतं.

जुना_करार
प्रश्नाच्या पोटात एक गृहीत आहे, ते आधी बाहेर काढावं लागतं: शेवटची कृती म्हणजे शेवटचा हिशेब. तसं असतं तर तारण शेवटच्या कर्मावर लटकलेलं असतं, आणि इतके आठवडे शिकवलं ते सगळं खोटं. झोपेत गेलेला, अपघातात गेलेला, कुणीही शेवटच्या पापाची कबुली देऊन जात नाही. रोमकरांस ८:३८-३९ मध्ये पौल देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू न शकणाऱ्या गोष्टींची यादी देतो, आणि यादीचा पहिला शब्द "मरण" आहे.

पळसफूल
कॅथलिक बाजूनं नेमकं सांगते, कारण जुनी भीती लोकांच्या मनात घट्ट आहे. १९१७ च्या चर्च कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या कायद्यात (नियम ११८४) ते कारण यादीतून गेलं. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २२८२ म्हणतो की तीव्र मानसिक त्रास, भीती, यातना यांनी जबाबदारी कमी होते. २२८३ सांगतो की अशांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, पश्चात्तापाची वाट देव आपल्याला ठाऊक असलेल्या मार्गांनी देऊ शकतो, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. फादर मिस्सा नाकारतील असं वाटून कुणी घरीच बसू नये.

मेळघाटी
वर्ग घेणाऱ्यानं दोन वाक्यं टाळावीत. "तो नरकात गेला" हे म्हणू नये, कारण ते आपल्या हातात नाही. आणि "काही फरक पडत नाही, कृपा आहे" हेही म्हणू नये, कारण तिथं सतरा वर्षांचं पोर बसलंय ज्याच्या घरी सावकार येऊन गेलाय. "जीव देवाचा आहे, आणि देव टाकून देत नाही" या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात. त्या संध्याकाळी फळ्याच्या कोपऱ्यात टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर लिहून ठेवा: १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि वर्ग सुटल्यावर लगेच घरी जाऊ नका, थोडा वेळ दारात थांबा. खरा प्रश्न दारात येतो.

रात्रपाळी
धन्यवाद जी. दारात थांबण्याची सूचना सगळ्यात कामाची.

मलकापूर_फाटा
इथं मी जुना करारशी सहमत, पण यातून "एकदा तारण, कायमचं तारण" असा निष्कर्ष काढू नये. योहान १०:२८ (माझ्या हातातून त्यांना कुणी हिसकावणार नाही) आहे तसं इब्री ६:४-६ (घसरलेल्याला पुन्हा पश्चात्तापाकडं आणणं अशक्य) ही आहे.

जुना_करार
काढलाच नाही. मेथडिस्ट परंपरेत कृपा नाकारून माणूस घसरू शकतो असं मानतात, सुधारणावादी म्हणतात खरा विश्वासी शेवटपर्यंत राखला जातो. वर्गात दोन्ही वचनं वाचा आणि कोणतं कुणासाठी ते सांगा. इब्री ६ माजलेल्याला, योहान १० घाबरलेल्याला. उलटं दिलं की दोघांचंही नुकसान.

रोजंदार
आणि जिथं प्रार्थनेचा दर लावतात तिथं काय? पोराची परीक्षा, पाचशे एक. बोअरला पाणी, अकराशे. तेलाची बाटली वेगळी.

जुना_करार
हे १५१७ चंच दुखणं. माईन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त एकापेक्षा जास्त पदं मिळवण्यासाठी रोमला द्यायच्या रकमेपायी फुगर सावकारांचा कर्जदार झाला होता. पापदंडमाफीची पत्रं विकून आलेले निम्मे पैसे ते कर्ज फेडायला आणि निम्मे रोमच्या संत पेत्राच्या चर्चच्या बांधकामाला, असा सौदा होता. टेट्झेल ती पत्रं विकत फिरला आणि ३१ ऑक्टोबरला लुथरचे ९५ मुद्दे आले.

पळसफूल
आणि १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाच्या अटीवर दिलेली अशी सगळी माफीपत्रं रद्द केली, हेही त्याच दमात सांगा. दर लावणाऱ्याला प्रेषितांची कृत्ये ८:२० वाचायला द्या, देवाचं दान पैशानं विकत घ्यायला निघालेल्या शिमोनाला पेत्र काय म्हणाला ते. कापणीच्या सणाच्या अर्पणाचंही तेच पथ्य. ज्वारी, तूर, कोंबडी, अंडी जे येईल त्याचा उपासनेनंतर लिलाव करा, पण कुणी किती बोली लावली ते वेदीवरून वाचू नका. मत्तय ६:१-४ तेवढ्यासाठीच आहे.

वणीकर (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. आतापर्यंत असं बसवलंय.
पहिली संध्याकाळ: इफिसकरांस २:१-१०, एका दमात. कर्जमाफी आणि ती कुठं तुटते.
दुसरी: सहा चिठ्ठ्या, रोमकरांस ४, याकोब २.
तिसरी: लूक १५ पूर्ण, मत्तय २०, निंदणाच्या रोजावर.
चौथी: कर्नेल्य, आणि रोमकरांस ८ चा शेवट. फळ्यावर १४४१६.
पाचवी: मत्तय २५:३१-४६.
सहावी: रोमकरांस ६ आणि गलतीकरांस ५, दारूच्या प्रश्नासह. शिवाय नीतिमान ठरण्याविषयीचा १९९९ चा लुथरन-कॅथलिक संयुक्त जाहीरनामा, फादरांना बोलावून.
अडचण पाचव्याला आहे. मेंढरं-शेरडांचा (शेवटच्या न्यायाला उजवीकडं मेंढरं, डावीकडं शेरडं) उतारा आला की कृपा विसरून सगळे हिशेब करतात. भुकेल्याला दिलं, तुरुंगात गेलो नाही, सहापैकी चार झाले, पास का?

मेळघाटी
वणीकर भाऊ, ३७ ते ३९ ही वचनं दोनदा वाचून घ्या. उजवीकडचे लोक विचारतात, "प्रभू, तू भुकेला होतास हे आम्ही कधी पाहिलं?" त्यांना स्वतःलाच ठाऊक नाही. ज्यांनी हिशेब ठेवला होता ते त्या रांगेत नाहीतच. आणि ३४ वं वचन सुटतं: राज्य जगाच्या स्थापनेपासून त्यांच्यासाठी तयार होतं, "वतन" म्हणून घ्या म्हणतो. वतन वारशानं मिळतं, मजुरीनं नाही. सातबाऱ्यावर नाव कसं चढतं हे गावात कुणालाही विचारा.

जुना_करार
सहमत, पण घाईनं गुण वजा करू नका. डावीकडच्यांना शिक्षा न केलेल्या कामांसाठीच आहे. रोमकरांस २:६ मध्ये खुद्द पौल म्हणतो की देव प्रत्येकाला त्याच्या कृत्यांप्रमाणे देईल. न्याय कर्मांप्रमाणे आणि तारण कृपेनं, ही दोन वाक्यं वर्गाच्या शेवटपर्यंत एकमेकांशेजारी उभी राहू द्या. १९९९ च्या जाहीरनाम्यातला १५ वा परिच्छेद सहाव्या संध्याकाळी मोठ्यानं वाचा: आपल्या कोणत्याही गुणामुळं नाही, केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, बोलावतो. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये सुधारणावादी मंडळ्याही त्यात आल्या.

मलकापूर_फाटा
सगळ्यांच्या हातात एकाच आवृत्तीचं शास्त्र असू द्या. जुनी आणि सोप्या भाषेतली मिसळली की अर्धा वेळ "माझ्यात असं नाही" यात जातो. वाचता न येणाऱ्यांशेजारी वाचणारा बसवा, आणि वाचणारा पोरगा असेल तर त्याला वचन आधी घरी पाहून यायला सांगा. इफिसकर दोनच्या लांब वाक्यांत दम तुटतो.

तर्कटदास
सहाव्या दिवशी चहा ठेवा बाप्पा. फादर आन् पाळकसाहेब एका बाकावर बसतील तं पाहाले आम्हीबी येऊ. चहा कृपेनंच द्यान ना?

वणीकर (धागाकर्ता)
चहा कृपेनं, भांडी मात्र तुमच्याकडं. शनिवारी ठेवू का सहावी?

पळसफूल
शनिवार नको. खेड्यातल्या फादरांना शनिवारी संध्याकाळी बहुधा बाहेरगावी मिस्सा असते आणि रविवारी पहाटे परत दुसरीकडं. गुरुवार विचारा, आणि पंधरा दिवस आधी विचारा, पवित्र आठवडा जवळ आला की त्यांना वेळ मिळत नाही.